वंदे भारतमधला पाण्याचा ग्लास आणि उसाची ट्रॉली, दोन्हीचं गणित एकच. आणि ते करणारी सॉफ्टवेअर चक्क फुकट आहेत

जानेवारी २०२५ मध्ये एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. राजस्थानात कोटा भागात वंदे भारत स्लीपरची चाचणी चालू होती. मोबाईलवर वेग दिसतोय १८० च्या घरात आणि शेजारी पाण्याने भरलेला ग्लास ठेवलाय. पाणी थरथरतंय, पण सांडत नाही. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनीच तो शेअर केला आणि बघता बघता सगळीकडे फिरला.

व्हिडिओ बघून वाटतं, गाडी बनवली, पळवली, पाणी सांडलं नाही, विषय संपला. पण जरा थांबून विचार करा. समजा पाणी सांडलं असतं तर? कोट्यवधी रुपये घालून उभी केलेली गाडी परत कारखान्यात नेऊन स्प्रिंगा बदलायच्या? मग पुन्हा चाचणी? असं कोणी करत नाही. गाडी रुळावर येण्याच्या कितीतरी आधी ती कॉम्प्युटरमध्ये हजारो किलोमीटर पळवलेली असते. तिथेच ती डुलते, तिथेच उडते, गरज पडली तर तिथेच रुळावरून घसरते.

हे काम ज्या शास्त्राने होतं त्याचं नाव मल्टिबॉडी डायनॅमिक्स. एकमेकांना जोडलेल्या अनेक हलत्या भागांचं गणित, असा त्याचा सरळ अर्थ.

आता यात लातूर-नांदेडचा काय संबंध? तर लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरी आहे. ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन झालं, २५ डिसेंबर २०२० ला पहिला सांगाडा बाहेर आला. २०२३ मध्ये रेल विकास निगम आणि रशियाची टीएमएच यांच्या संयुक्त कंपनीला वंदे भारत स्लीपरचे एकूण १९२० डबे बनवायचं कंत्राट मिळालं आणि बांधणीसाठी जागा ठरली ती लातूरची. नुसते बनवायचे नाहीत, पुढची ३५ वर्षं देखभालही करायची.

हा ३५ वर्षांचा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

पण आधी शिलाई मशीन

मल्टिबॉडी हा शब्द जड वाटतो, पण त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण अजूनही गावोगावच्या शिंप्याच्या दुकानात सापडतं. पायाची शिलाई मशीन. खाली पायडल, त्याला जोडलेली उभी दांडी, दांडीने फिरणारं मोठं चाक आणि हे सगळं धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा.

हलणारे भाग तीन. पायडल, दांडी, चाक. सपाटीवर मोकळा सोडलेला कोणताही भाग तीन प्रकारे हलू शकतो. पुढे-मागे, वर-खाली आणि स्वतःभोवती गोल. म्हणजे तीन भागांच्या मिळून नऊ हालचाली. आता या भागांना चार ठिकाणी बिजागरीसारखे सांधे आहेत. प्रत्येक सांधा दोन हालचाली काढून घेतो. नऊमधून आठ गेल्या, उरली एक. म्हणून पायडल दाबलं की चाक फिरतं आणि दुसरं काहीही होत नाही.

ज्यांनी ही मशीन चालवली आहे त्यांना तिची एक खोडही माहीत असते. उभी दांडी आणि चाकाचा दांडा एका रेषेत आले की चाक अडतं, कधी उलटंच फिरतं आणि दोरा तुटतो. त्यासाठीच चाक जड असतं, ते आपल्या वजनाच्या जोरावर ती अडचणीची जागा पार करतं. गंमत म्हणजे नेमक्या याच जागेवर सॉफ्टवेअरही गोंधळतं. समीकरणांना दोन उत्तरं दिसायला लागतात, पुढे जाऊ की मागे.

सॉफ्टवेअर तरी वेगळं काय करतं? त्याला भाग सांगायचे, प्रत्येकाचं वजन आणि ते वजन कुठे कसं पसरलंय ते सांगायचं, सांधे सांगायचे, जोर कुठून लागतोय ते सांगायचं. मग ते न्यूटनचे नियम लावतं आणि एका सेकंदाचे हजार तुकडे करून प्रत्येक तुकड्याला विचारतं, आता कोण कुठे आहे? ताशी १६० ने जाणारी रेल्वे सेकंदाच्या हजाराव्या भागात साधारण साडेचार सेंटिमीटर पुढे जाते. कॉम्प्युटर तिला अशी साडेचार-साडेचार सेंटिमीटरने ढकलत नेतो.

शिलाई मशीनचं गणित कागदावरही होतं. रेल्वेच्या डब्याचं होत नाही, कारण तिथे डझनावारी भाग, स्प्रिंगा आणि डॅम्पर असतात आणि प्रत्येक भाग तीनऐवजी सहा प्रकारे हलू शकतो.

रेल्वे सरळ रुळावरही सरळ जात नाही

इथे एक शब्दाचा घोळ मिटवून घेऊ. आपण डब्यालाच बोगी म्हणतो. इंजिनिअर लोकांची बोगी म्हणजे डब्याखाली असलेला चार चाकांचा गाडा. एका डब्याखाली असे दोन गाडे असतात.

या चाकांची मजा अशी की ती सपाट नसतात, शंकूसारखी किंचित उतरती असतात. भारतात हा उतार २० ला १ असा धरलेला आहे. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे एक जोरात आणि एक हळू असं फिरताच येत नाही. जोडी जरा डावीकडे सरकली की डावं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालायला लागतं, जास्त अंतर कापतं आणि जोडीचं तोंड उजवीकडे वळतं. ती मध्यावर येते, पण तिथे थांबत नाही. उजवीकडे जाते, परत डावीकडे. स्टिअरिंग नसताना रेल्वे वळणावर वळते ती या युक्तीमुळे आणि सरळ रुळावर नागमोडी चालते तीही हिच्यामुळेच. या नागमोडी चालीला हंटिंग म्हणतात.

१८८३ मध्ये क्लिंगेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने या चालीचं सूत्र मांडलं. आपल्या ब्रॉडगेजला ते लावून बघू. चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर, उतार २० ला १. तर एका नागमोडी वळणाची लांबी येते सुमारे १८ मीटर. गाडी १६० ने जात असेल तर सुट्टी चाकजोडी सेकंदाला अडीच वेळा डावी-उजवी करेल.

आता चाक झिजलं तर? झिजलं की सहसा हा उतार वाढतो. तो चौपट झाला असं धरलं तर वळणाची लांबी निम्मी होते आणि सेकंदाला पाच झोके बसतात. एका ठराविक वेगापर्यंत स्प्रिंगा आणि डॅम्पर हे झोके जिरवतात. तो वेग ओलांडला की झोके जिरत नाहीत, वाढत जातात आणि चाकाची कड रुळाला धडका मारायला लागते. त्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तो गाडीच्या रोजच्या वेगापेक्षा भरपूर वर असला पाहिजे, नव्या चाकावरही आणि झिजलेल्या चाकावरही.

आता तो ३५ वर्षांचा आकडा आठवा. कारखान्यातून निघालेला नवा कोरा डबा नीट पळेल, यात काही नवल नाही. तोच डबा काही लाख किलोमीटर पळाल्यावर, डॅम्पर मऊ पडल्यावर, चाकं झिजल्यावर कसा वागेल? चाकं कधी तासायची, कधी बदलायची? पाण्याच्या ग्लासाचा व्हिडिओ यातलं काहीच सांगू शकत नाही. गणित सांगू शकतं.

सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा काय करायचे?

खरोखरची गाडी पळवून बघायचे. याचंही एक उदाहरण लातूरच्याच रेल्वेचं आहे. बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. ती १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. ती उभी करणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याचं म्हणणं होतं की प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर ठेवला तर हलक्या रुळांवरही दणकट गाडी चालवता येते. लोकांना ते पटेना. मग त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ रूळ टाकले आणि बार्शीच्या गाड्या त्यावर चालवून दाखवल्या. ज्या डब्यांत बसून लातूरकर पिढ्यानपिढ्या कुर्डुवाडीला गेले, त्यांची परीक्षा आधी तिकडे झाली होती.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात झालेल्या कामातून अ‍ॅडम्स हे सॉफ्टवेअर तयार झालं. जर्मनीतून सिमपॅक आलं. मोटार आणि रेल्वे कंपन्यांमध्ये आजही हीच नावं चालतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी मँचेस्टरमध्ये तर दोन काल्पनिक गाड्यांवर अशा पाच सॉफ्टवेअरची तुलना करून बघितली, सगळ्यांची उत्तरं जुळतात का म्हणून.

अडचण एकच होती. ही सॉफ्टवेअर विकत घ्यावी लागतात आणि त्यांच्या किमती मोठ्या कंपनीलाच झेपतात. कॉलेजला सवलतीत मिळाली तरी ती लॅबमधल्या ठराविक कॉम्प्युटरवर. पोरगं पास होऊन बाहेर पडलं की हात रिकामे.

आता फुकटात काय काय मिळतं?

बरंच. आणि ओपन सोर्स म्हणजे नुसतं फुकट नाही, आत गणित कसं केलंय ते उघडून वाचता येतं आणि बदलताही येतं. कंपनीच्या पॅकेजमध्ये ती सोय नसते.

नवख्याने सुरुवात करावी ती फ्रीकॅडपासून. चित्र काढायचं हे सॉफ्टवेअर जुनंच आहे, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत भाग सांध्यांनी जोडायची सोय आतच आली. त्यासाठी बसवलेला सॉल्व्हर आइक-सिओंग को यांनी लिहिलाय, ज्यांचा उभा जन्म याच विषयात गेलाय. शिलाई मशीनचे चार भाग काढा, चार सांधे लावा, माऊसने पायडल ओढा, चाक फिरतं. मात्र हे झालं हालचालीपुरतं. जोर, धक्के, घर्षण हवं असेल तर पुढे जावं लागतं.

पुढे म्हणजे प्रोजेक्ट क्रोनो. इटलीचे आलेस्सांद्रो तासोरा यांनी १९९० च्या दशकात ते सुरू केलं आणि पुढे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅन नेग्रुट यांच्या टीमने त्यात भर घातली. ते पायथॉनमधूनही चालवता येतं, म्हणजे कोडिंग थोडंफार येणाऱ्या कोणालाही. मिलानच्या पॉलिटेक्निकोमधून आलेलं एमबीडाइन आहे, हेलिकॉप्टरवाल्यांचं लाडकं. ओपनमॉडेलिका आहे, ज्याचा भारतातला प्रसार आयआयटी मुंबईचा फॉसी हा प्रकल्प करतो. रोबोटसाठी मुजोको आहे, जे गूगलच्या डीपमाइंडने विकत घेतलं आणि २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. विकत घेऊन फुकट वाटायचा प्रकार तसा दुर्मिळच.

उसाचा ट्रॅक्टर कॉम्प्युटरमध्ये घालून बघू

रेल्वेच्या डब्याचं मॉडेल पहिल्याच दिवशी जमणार नाही. पण लातूर आणि नांदेडच्या रस्त्यांवर गळीत हंगामात रोज एक मल्टिबॉडी यंत्र धावत असतं. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर उभा रचलेला ऊस. त्याच्या मागे दुचाकीवर अडकलेल्या माणसाने दुसरी ट्रॉली झोके खाताना बघितलेली असते आणि ओव्हरटेक करू की नको, असा विचार केलेला असतो.

शिलाई मशीनचा हिशोब इथे लावू. दोन चाकी ट्रॉल्या धरल्या आणि वरून बघितलं तर भाग तीन, हालचाली नऊ. ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीमध्ये एक पिन, दोन ट्रॉल्यांमध्ये दुसरी पिन. दोन पिनांनी चार हालचाली घेतल्या, उरल्या पाच. शिलाई मशीनला एक होती, इथे पाच. ड्रायव्हरच्या हातात मात्र एकच स्टिअरिंग. मागच्या ट्रॉलीचं काय होतंय ते तिच्या दांडीची लांबी, टायरची पकड, वजन कुठे बसलंय आणि वेग किती यांवर ठरतं. खड्डा चुकवायला ट्रॅक्टर एक हात हलला तर शेवटची ट्रॉली त्याहून जास्त हलू शकते. उतारावर ट्रॅक्टरने ब्रेक मारला आणि ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसले तर त्या मागून ढकलतात आणि सगळी माळ पिनेजवळ दुमडते.

उंचीचं गणित तर कागदावरही होतं. ट्रॉलीच्या दोन चाकांमध्ये १.८ मीटर अंतर आहे असं धरा. रचलेल्या उसासकट वजनाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास उलटायला येते. वर आणखी ऊस चढवून तोच मध्य २.२ मीटरवर नेला तर २८ वरच. आणि हा हिशोब अगदी सपाट रस्त्याचा, ताठ टायरांचा, न हलणाऱ्या उसाचा. टायर दबले, एक चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं, ट्रॉली आधीच झोका खात असली की खरा आकडा याहून खाली येतो. किती खाली, ते सांगायला कागद पुरत नाही, तिथे क्रोनोसारखं सॉफ्टवेअर लागतं. दांडी अर्धा फूट लांब केली तर? पहिली ट्रॉली हलकी आणि मागची जड भरली तर? पिन झिजून ढिली झाली तर? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काही मिनिटांत मिळतं आणि बघायला एकही ट्रॉली उलटवावी लागत नाही.

मराठवाड्याच्या ट्रॅक्टरची दुसरी डोकेदुखी म्हणजे ओली काळी माती. चाक रुतलं की रुतलं. क्रोनोमध्ये दबणाऱ्या जमिनीचंही मॉडेल आहे आणि ते कुठे वापरलं गेलं माहितीये? नासाच्या चंद्रावर जाणाऱ्या व्हायपर या गाडीसाठी. नेग्रुट यांच्या टीमला त्यात एक जुनी चूक सापडली. चंद्रावर गुरुत्वाकर्षण सहापट कमी, म्हणून पृथ्वीवर चाचणी करताना गाडी तितकी हलकी बनवायचे आणि वाळूत चालवायचे. पण वाळूचं काय? तिच्यावर तर पृथ्वीचंच पूर्ण गुरुत्वाकर्षण असतं, त्यामुळे ती घट्ट बसते. चंद्रावरची वाळू सैल असते. म्हणजे इथे पास झालेली गाडी तिथे रुतू शकते. मंगळावर नासाची स्पिरिट ही गाडी २००९ मध्ये अशीच मऊ मातीत रुतून बसली होती, ती परत निघालीच नाही.

मग हरंगुळच्या कारखान्यात हे फुकटचं सॉफ्टवेअर चालेल का?

सरळ चालणार नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. रेल्वेत चाक आणि रूळ जिथे टेकतात ती जागा साधारण नखाएवढी असते आणि सगळा खेळ तिथे चालतो. महागड्या पॅकेजमध्ये या संपर्काचं गणित तयार आणि तपासलेलं मिळतं. फुकटच्या साधनांत बऱ्याचदा ते स्वतः बसवावं लागतं. शिवाय कॉम्प्युटर काहीही म्हणो, लखनौच्या आरडीएसओच्या देखरेखीत खऱ्या रुळावर चाचणी झाल्याशिवाय नवी गाडी प्रवाशांसाठी सुटत नाही. डबा किती हादरतो याचा राईड इंडेक्स तिथे मोजला जातो, आकडा कमी तितका प्रवास सुखाचा.

दुसरी गोष्ट, हे सॉफ्टवेअर खोटंही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतं. टायरची पकड अंदाजाने टाकली तर अ‍ॅनिमेशन झकास येतं, ट्रॉली मस्त वळते आणि उत्तर साफ चुकीचं असतं. रील बनवायला चांगलं, ट्रॉली बनवायला धोक्याचं.

पण नोकरीच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळं आहे. भाग, सांधे, स्प्रिंग, डॅम्पर, स्थिरता हा विचार सगळीकडे सारखाच. जो पोरगा किंवा पोरगी क्रोनोमध्ये दोन ट्रॉल्यांचा झोका पकडू शकते, तिला सिमपॅकची बटणं शिकायला फार दिवस लागू नयेत. उलटं होत नाही. बटणं पाठ असलेल्याला क्रिटिकल स्पीड कळतोच असं नाही.

लातूर पॅटर्नने आजवर हजारो पोरं मेडिकल आणि इंजिनिअरिंगला धाडली. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, लातूरला बिडवे कॉलेज आणि पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. इथून शिकलेली पोरं पुणे-बंगळुरूच्या कंपन्यांत जातात. कारखाना आता दारात आलाय, पण दारात काय येईल हा प्रश्न उरतोच. वेल्डिंग आणि फिटिंगची कामं इथे आणि गणिताची कामं दुसरीकडे, अशी वाटणी व्हायला वेळ लागत नाही. ३५ वर्षांच्या देखभालीत झिजलेल्या चाकांचे आकडे रोज येत राहणार आहेत. ते वाचणारी माणसं लातूरची असायला कोणाची परवानगी लागत नाही, तयारी लागते.

सुरुवात कुठून करायची?

साध्या लॅपटॉपवर फ्रीकॅड चालतं. कोडिंगची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे अनेक धडे फुकट आहेत, त्यातले बरेच मराठीतही ऐकता येतात. आधी शिलाई मशीन, मग तिला जोर आणि घर्षण, मग ट्रॉली, असा क्रम बरा.

ट्रॉलीच्या मॉडेलला लागणारे आकडेही जवळच मिळतात. वजन साखर कारखान्याच्या काट्यावरच्या पावतीवर असतं. ट्रॉली सोडून तिची चाकं आणि तिची दांडी वेगवेगळी तोलली की वजनाचा मध्य पुढे-मागे कुठे आहे ते कळतं. दांडीची लांबी आणि चाकांमधलं अंतर टेपने मोजायचं. पिनेचा ढिलेपणाही मोजून घ्यायचा, तो बहुतेक जण विसरतात. सगळ्यात अवघड आकडा म्हणजे वजनाच्या मध्याची उंची. त्यासाठी भरलेली ट्रॉली एका बाजूने किंचित उचलून पुन्हा तोलावी लागते, आणि ते काम एकट्याने करायचं नाही.